सापेक्षतेचा गेम: दहाव्या लेव्हलनंतर काय?

साताऱ्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. विशिष्ट सापेक्षतेवर कोड्यांचा गेम बनवतोय. गेममध्ये प्रकाशाचा वेग मुद्दाम कमी करून एका टिकला (गेममधल्या वेळेच्या एककाला) एक घर एवढा ठेवलाय. खेळाडू त्याच्या जवळपासच्या वेगाने पळू शकतो. पळताना त्याचं घड्याळ मंदावतं, समोरचे अडथळे आकसतात. पहिल्या दहा लेव्हल मजेदार झाल्या, पुढच्या सगळ्या एकाच साच्यातल्या वाटू लागल्या. नवी मेकॅनिक्स, म्हणजे कोड्यांमागच्या नव्या युक्त्या, कुठून आणायची? शिवाय सगळं खेळाडूच्या चौकटीतून, म्हणजे त्याला स्थिर धरून, चालवताना कोडचा गुंता होतोय, त्याचं काय करायचं? आणि गेममध्ये भौतिकशास्त्र समजावून सांगावं का?

मी सांगलीत राहून कोड्यांचे गेम डिझाइन करतो, त्यामुळे पहिल्या प्रश्नाला जास्त वेळ देतो. उरलेल्या दोनांची उत्तरं त्यातूनच बरीचशी निघतील.

आधी एक चाचणी लावा. तुमच्या प्रत्येक लेव्हलमधून सापेक्षता काढून टाका आणि तिच्या जागी खेळाडूला दोन बटणं द्या: एक स्लो-मोचं, दुसरं समोरची वस्तू चेपायचं. लेव्हल तरीही तशीच सुटत असेल, तर तिच्यात सापेक्षता नव्हतीच, फक्त नाव होतं. तुमच्या वर्णनावरून पहिल्या दहातल्या बहुतेक लेव्हल या चाचणीत पडतील असं वाटतं. त्यात वाईट काही नाही, सुरुवातीला त्या लागतातच. पण त्या खाणीत पुढे माल नाही, म्हणून तुम्ही अडला आहात.

कालविस्फारण (घड्याळ मंदावणं) आणि लांबीचं आकुंचन या दोन गोष्टी तुमच्या खेळाडूच्या हातातली जादू होऊन बसल्या आहेत. प्रत्यक्षात बाजूला उभ्या असलेल्या चौकीदाराच्या मोजणीत तुमचं घड्याळ मंद चालतं, तसंच तुमच्या मोजणीत चौकीदाराचं मंद चालतं. दोघंही बरोबर असतात. हे कसं शक्य आहे? दूरवरच्या दोन घटना 'एकाच वेळी' घडल्या की नाही यावर दोघांचं एकमत नसतं म्हणून. आइन्स्टाइनच्या १९०५ च्या निबंधातही समकालिकतेची चर्चा आधी येते, घड्याळं आणि पट्ट्या नंतर. तुमच्या गेमनेही तोच क्रम धरावा. दोन प्रामाणिक साक्षीदारांमध्ये कुठल्या बाबतीत मतभेद होऊ शकतो आणि कुठल्या बाबतीत कधीच होऊ शकत नाही, ही जी सीमा आहे तिच्यावर कोडी बांधा. तिथे स्लो-मोचं बटण काही कामाचं नाही.

मेकॅनिक्सकडे वळण्याआधी आकड्यांची सोय लावून घेऊ, कारण अपूर्णांकांत अडकलेलं कोडं कुणी डोक्यात सोडवत नाही. वेग सलग ठेवू नका, गिअर द्या: प्रकाशाच्या वेगाच्या ०, ०.२८, ०.६, ०.८ आणि ०.९६ पट. हे वेग असे निवडले आहेत की फलाटावरच्या, म्हणजे स्थिर चौकटीतल्या, २५ टिकांत खेळाडू अनुक्रमे ०, ७, १५, २० आणि २४ घरं जातो, आणि त्याचं स्वतःचं घड्याळ २५, २४, २०, १५ आणि ७ टिक पुढे सरकतं. ७-२४-२५ आणि १५-२०-२५ हे पायथागोरसचे काटकोन त्रिकोणच आहेत. सापेक्षतेचं सूत्रही शेवटी वर्गांच्या वजाबाकीचंच असल्यामुळे सगळं पूर्णांकात बसतं. खेळाडूला सूत्र सांगावं लागत नाही. चार-दोन लेव्हलमध्ये त्याला '०.६ म्हणजे पंचवीसाचे वीस' हे पाठ होतं.

आता पहिलं मेकॅनिक. तुम्ही साताऱ्याचे आहात, म्हणून सज्जनगडाकडे जाताना लागणारा बोगदाच घेऊ. आणि त्यातून काय न्यायचं, तर उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या. हंगामात आपल्या दोन्ही जिल्ह्यांत या लांबलचक वरातीच्या मागे अडकला नाही असा माणूस सापडणार नाही. गेममधला बोगदा २० घरांचा, ट्रॅक्टर-ट्रॉल्या मिळून २५ घरांच्या. बोगद्याच्या दोन्ही तोंडांना दारं. वेग ०.६. बोगद्याच्या चौकटीत वरात आकसून बरोबर २० घरांची होते, दोन्ही दारं एकाच क्षणी बंद होऊन लगेच उघडतात आणि ट्रॅक्टर आत मावतो. आता तीच लेव्हल ट्रॅक्टरवाल्याच्या चौकटीतून दाखवा. तिथे वरात २५ घरांचीच आहे आणि बोगदाच आकसून १६ घरांचा झालाय. मावणार कसा? मावत नाहीच. त्याच्या हिशेबाने पुढचं दार आधी बंद होऊन उघडतं, मागचं त्यानंतर १५ टिकांनी. त्या १५ टिकांत बोगदा ९ घरं मागे सरकतो, आणि २५ वजा १६ म्हणजे नेमके ९. एकही धडक होत नाही.

हे कोडं म्हणून कसं वापरायचं? खेळाडूला दारांची वेळ ठरवू द्या, पण ट्रॅक्टरच्या चौकटीत बसून. त्याला 'दोन्ही दारं एकदम' असं बटण द्यायचं नाही. दोन दारांच्या दोन वेगवेगळ्या वेळा त्याने लावायच्या आणि बोगद्याबाहेरच्या चौकीदाराला मात्र त्या एकदम लागलेल्या दिसल्या पाहिजेत. पहिल्या प्रयत्नात जवळजवळ प्रत्येक जण दोन्ही वेळा सारख्या लावतो आणि ट्रॅक्टरच्या नाकावर दार आदळतं. मग तो पुढचं दार थोडं आधी लावून बघतो. त्या 'थोडं आधी'त सगळी समकालिकता आली. यापुढची लेव्हल म्हणजे पुढचं दार उघडायचंच नाही. ट्रॅक्टरचं नाक दाराला लागून थांबतं, पण शेवटच्या ट्रॉलीला ती बातमी कळायला वेळ लागतो, कारण धक्काही प्रकाशापेक्षा वेगाने प्रवास करू शकत नाही. ट्रॉली पुढे येतच राहते, ऊस चेपला जातो. सापेक्षतेत पूर्णपणे ताठ वस्तू असूच शकत नाही, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारी दुसरी लेव्हल मला सुचत नाही. त्यामुळे एक नियम कायमचा लक्षात ठेवा: गेममधली लांब काठी ढकलली की तिचं दुसरं टोक त्याच टिकला हलता कामा नये.

दुसरं मेकॅनिक मला सगळ्यांत आवडतं, ते म्हणजे साक्षीदार. फलाटावर दोन घंटा आहेत, एकमेकींपासून २० घरांवर. डावी वाजते, १२ टिकांनी उजवी वाजते. कुलूप असं आहे की 'दोन्ही एकाच वेळी वाजल्या' अशी साक्ष मिळाली तरच उघडतं. घंटांच्या वेळेला खेळाडूने हात लावायचा नाही. त्याने साक्षीदार निवडायचा. फलाटावरचा स्टेशनमास्तर म्हणेल डावी आधी. उजवीकडे ०.६ वेगाने जाणाऱ्या गाडीतले लोक म्हणतील एकाच वेळी, आणि घंटांमधलं अंतर त्यांच्या मोजणीत १६ घरं. ०.८ च्या गाडीतले म्हणतील उजवी आधी वाजली. एकाच दृश्यातून तीन निकाल, तिन्ही खरे. २० चा वर्ग वजा १२ चा वर्ग म्हणजे १६ चा वर्ग, हा आकडा मात्र तिघांचाही सारखाच येतो. पुढे एखादं कुलूप त्या सामाईक आकड्यावरच ठेवा.

यात एक खाच आहे. साक्षीदाराला आधी काय 'दिसलं' आणि त्याच्या मोजणीत आधी काय 'घडलं' या वेगळ्या गोष्टी आहेत. जवळच्या घंटेचा प्रकाश आधी पोचतो, एवढ्यावर साक्ष दिली तर तो सापेक्षतेचा नाही, नुसत्या उशिराचा खेळ झाला. म्हणून साक्षीदार एकटा माणूस नको, अख्खी गाडी हवी. प्रत्येक डब्यात एक घड्याळ आणि एक नोंदवही, गाडीतल्या गाडीत सगळी घड्याळं जुळवलेली. ज्या डब्यासमोर घंटा वाजली त्या डब्याने आपल्या घड्याळाची वेळ लिहायची, बस्स. मग फलाटावरून पाहणाऱ्या खेळाडूला त्याच गाडीची घड्याळं जुळलेली दिसत नाहीत: २५ घरांची गाडी ०.६ ने जात असेल तर शेवटच्या डब्याचं घड्याळ इंजिनाच्या १५ टिक पुढे. 'गाडीवाले येडे आहेत का, घड्याळं जुळवता येत नाहीत त्यांना?' असं प्लेटेस्टमध्ये कुणी म्हणालं की समजा लेव्हल काम करतेय. लगेच त्याला गाडीत बसवा आणि फलाटाची घड्याळं दाखवा.

साक्षीदारांच्या लेव्हलना धार येते ती हद्दीमुळे. २० घरांवरच्या घटनांमध्ये १२ टिकांचं अंतर असेल तर ०.६ हून वेगवान साक्षीदार क्रम उलटवू शकतो. अंतर १९ टिक असेल तर ०.९५ च्या वर जावं लागेल, म्हणजे फक्त शेवटचा गिअर. आणि २० टिक किंवा अधिक असेल तर कुणीच उलटवू शकत नाही, कारण आता पहिल्या घटनेची बातमी दुसरीपर्यंत पोचू शकते; पहिली दुसरीचं कारण असू शकते. अशी एक लेव्हल नक्की ठेवा जिथे खेळाडू एकेक गिअर लावून बघतो आणि क्रम हटत नाही, शेवटी त्याला कळतं की इथे दुसरीच वाट काढायला हवी. कार्यकारणभाव सांगायला तुम्हाला वाक्य लागणार नाही. साक्ष कुलपापर्यंत पोचवायलाही प्रकाशाइतका वेळ लागतोच, तेव्हा निकाल मिळवणं आणि तो वेळेत पोचवणं यांची ओढाताण आपोआप होते. यातून कितीतरी लेव्हल निघतील.

दोराचं कोडं यालाच लागून येतं, म्हणून थोडक्यात. दोन ट्रॉल्या, दोघींना आपापली मोटर, मध्ये १५ घरांचा ताणलेला दोर. फलाटाच्या हिशेबाने दोन्ही एकाच क्षणी ०.६ ने सुटल्या तर अंतर १५ च राहतं, पण १५ घरांच्या दोराची पळतानाची लांबी १२. दोर तुटतो. ड्युअन आणि बेरान यांनी १९५९ मध्ये मांडलेलं आणि पुढे जॉन बेल यांच्या नावाने प्रसिद्ध झालेलं हे कोडं ऐकून भल्याभल्या भौतिकशास्त्रज्ञांनी आधी चुकीचं उत्तर दिलंय, त्यामुळे तुमचे खेळाडू चुकले तर चुकू द्या. उपाय असा की मागची ट्रॉली ५ टिक आधी सोडायची. गंमत म्हणजे पळत्या ट्रॉल्यांच्या चौकटीत पाहिलं तर पुढचीच ५ टिक आधी वेग बदलते. उपाय एकच, गोष्ट उलटी. दोन्ही रीप्ले शेजारी-शेजारी दाखवा.

आता सुरांचं मेकॅनिक. हे तंतुवाद्यांचं मिरज शेजारी असल्याशिवाय सुचलं असतं की नाही, सांगता येत नाही. स्थिर दिवा ठरावीक तालात लुकलुकतोय. तुम्ही त्याच्याकडे जाताय तर लुकलुक जलद येते, लांब जाताय तर संथ. हा डॉप्लर परिणाम, प्रकाशाच्या बाबतीतला. कितीपट जलद, तर ०.६ ला बरोबर दुप्पट, ०.८ ला तिप्पट, ०.९६ ला सातपट, आणि ०.२८ ला चार तृतीयांश. हे आकडे पाहून गाणं शिकलेल्या माणसाचे कान टवकारले पाहिजेत. दुप्पट म्हणजे तार षड्ज. चार तृतीयांश म्हणजे शुद्ध मध्यम. मग पंचम, म्हणजे दीडपट, कुठल्या वेगाला? पाच तेरांश. आणखी एक सोयीचा वेग मिळाला: १३ टिकांत ५ घरं, स्वतःच्या घड्याळात १२ टिक. गंधार म्हणजे सव्वापट हवा असेल तर वेग नऊ एक्केचाळीसांश.

तेव्हा लुकलुकीचा सूर करा. दिवा सा लावतो. खेळाडू ०.२८ ने दिव्याकडे जाताना त्याला म ऐकू येतो, ०.६ ने जाताना तार सा. दूर जाताना सूर मंद्रात उतरतात: ०.२८ ला मंद्र प, ०.६ ला मंद्र सा. कुलूप सुरावर उघडतं. इथपर्यंत नुसतं सजावटीचं वाटेल. पण आता गाडीत गाडी घाला. मोठी गाडी ०.२८ ने दिव्याकडे चालली आहे, तिच्या आत छोटी ढकलगाडी मोठीच्या सापेक्ष पाच तेरांश वेगाने त्याच दिशेला. ढकलगाडीतल्याला कुठला सूर? मोठीला म ऐकू येतो, छोटी त्यावर पंचम चढवते. मध्यमाला षड्ज मानलं तर त्याचा पंचम तार सा, हे तर गाणं शिकणाऱ्या लहान मुलालाही माहीत असतं. म्हणजे ढकलगाडीला तार सा ऐकू येतो, म्हणजेच फलाटाच्या हिशेबाने तिचा वेग ०.६. साधी बेरीज ०.६६ च्या पुढे गेली असती. वेगांच्या बेरजेचं ते अवघड सूत्र सुरांच्या गुणाकारात विरघळून गेलं. भौतिकीच्या पुस्तकांत याला हर्मन बाँडी यांची 'के' पद्धत म्हणतात. खेळाडूला तिचं नाव कळायची गरज नाही.

प्रकाशाचा वेग का गाठता येत नाही, तेही यातूनच उलगडतं. प्रत्येक वेळी आणखी ०.६ चढवा, प्रत्येक वेळी एक सप्तक वर: ०.६, मग पंधरा सतरांश, मग त्रेसष्ट पासष्टांश. सप्तकं संपत नाहीत, वेग एकापर्यंत पोचत नाही. सातपट मात्र कुठल्याच सुरात नीट बसत नाही, कोमल निषादाच्या जरा खाली पडतो, ०.९६ चा गिअर बेसूर वाटतो तो त्यामुळे. मी तो तसाच ठेवीन. धोक्याच्या गिअरला बेसूर आवाजच शोभतो. एक खबरदारी घ्या: हा हवेतून येणारा आवाज नाही, प्रकाशाच्या लुकलुकीला दिलेला आवाज आहे. आवाजाचा डॉप्लर वेगळ्या सूत्राने चालतो. दिव्याचं चित्र कायम ठेवा, लाऊडस्पीकरचं काढू नका.

स्वतःच्या घड्याळावरची कोडी मी मुद्दाम मागे ठेवली, कारण माझ्या चाचणीतून ती जेमतेम पास होतात. ऊस तोडल्यापासून त्यातली साखर घटत जाते, तर गेममधला ऊस स्वतःच्या घड्याळाने वाळू द्या. कारखान्याचं फाटक फलाटाच्या ५० व्या टिकला उघडणार आणि उसाचं वय ३० हून जास्त चालणार नाही. मग ०.८ ने २० घरं लांब जाऊन परत यावं लागेल, थांबून राहिलात तर ऊस ५० टिकांचा म्हातारा. दोन घटनांमध्ये न वळता, न वेग बदलता गेलेल्या घड्याळातच सर्वांत जास्त वेळ जातो, वळणारं घड्याळ कमी चालतं, हे यात कळतं. दोन मोळ्या वेगवेगळ्या वाटांनी पाठवून परत भेटतील तेव्हा वयात नेमका १० टिकांचा फरक हवा, अशी लेव्हल जास्त चांगली, कारण तिची उत्तरं एकापेक्षा जास्त आहेत. प्रत्यक्ष निसर्गात हेच काम म्युऑन नावाचे अल्पायुषी सूक्ष्म कण करतात. त्यांचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, तेवढ्यात प्रकाशसुद्धा ६६० मीटरच जातो, तरी वातावरणात काही किलोमीटर उंचीवर जन्मलेले म्युऑन जमिनीपर्यंत पोचतात. अशा कणांचं क्षय पावणं हे सापेक्षतेचं घड्याळ म्हणून वापरता येईल, हे होमी भाभांनी १९३८ मध्येच लिहिलं होतं, आणि १९४१ मध्ये रॉसी व हॉल यांनी डोंगरावर मोजून दाखवलं. गेममध्ये एखाद्या लेव्हलचं नाव भाभांवरून ठेवायला हरकत नाही. पण अशा लेव्हल तीन-चार पुरे.

दिसणं की असणं, याचा निर्णय आताच घ्या. एमआयटीच्या गेम लॅबने २०१२ मध्ये केलेला, प्रकाश हळूहळू मंदावत नेणारा गेम 'दिसणं' दाखवतो: रंग सरकतात, समोरचं उजळतं, इमारती वाकतात. त्यामागचं ओपनरिलेटिव्हिटी हे टूलकिट युनिटी या गेम इंजिनासाठी सर्वांना खुलं आहे. डोळ्यांना मेजवानी आहे, पण कोड्यांसाठी मी ते वापरणार नाही. वेगाने जाणारा गोल आकसलेला न दिसता गोलच दिसतो, हे पेनरोज आणि टेरेल यांनी १९५९ मध्ये दाखवून दिलं. म्हणजे आकुंचनावर बांधलेलं तुमचं कोडं 'दिसण्या'च्या चित्रात खेळाडूला कळणारच नाही. मोजलेलं चित्र काढा. प्रकाशाचा उशीर हवा तिथेच, वेगळ्या खुणेने दाखवा.

आता कोडचा गुंता. खेळाडूच्या चौकटीत सिम्युलेशन चालवणं आजच बंद करा. सगळ्या वस्तूंच्या वाटा आणि सगळ्या घटना फलाटाच्या चौकटीत साठवा, टकरीही तिथेच तपासा. बाकी चौकटी फक्त काढून दाखवायच्या. साठवताना वेळ आणि स्थान असं न ठेवता त्यांची बेरीज आणि वजाबाकी ठेवा. उजवीकडे जाणाऱ्या चौकटीत जायचं तर बेरजेला त्या वेगाच्या सुराच्या पटीने भागा, वजाबाकीला त्याच पटीने गुणा. मघाची उजवी घंटा घ्या: वेळ १२, स्थान २०, म्हणून बेरीज ३२, वजाबाकी उणे ८. ०.६ साठी पट २. बेरीज १६, वजाबाकी उणे १६. म्हणजे नवी वेळ ०, नवं स्थान १६. पट अपूर्णांक म्हणून अंश-छेदात साठवलीत तर दशांशाची चूक साठतच नाही, आणि 'एकाच वेळी' हे बरोबर-चिन्हाने तपासता येतं. दशांशांत केलंत तर समकालिकतेचं कुलूप कधी उघडेल, कधी नाही, आणि दोष कुणाचा ते तुम्हालाही कळणार नाही.

तुमचा गेम वरून पाहायचा, चारी दिशांना हिंडायचा आहे. तो रुळांवर आणा. दोन वेगळ्या दिशांचे वेग एकावर एक चढवले की चौकट फिरते, याला थॉमस-विग्नर घूर्णन म्हणतात, आणि ते कुठल्याही खेळाडूला बगच वाटणार. समांतर रूळ जितके हवे तितके ठेवा, आडव्या दिशेला काही आकसत नाही. पुणे-मिरज मार्गच घ्या ना: सातारा, कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कराड, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी, सांगली, मिरज. लेव्हलच्या प्रत्येक गठ्ठ्याला एक स्टेशन, सातारा ते मिरज, अवघड होत जाणारं.

गिअर बदलताना मात्र एक गोष्ट सांभाळा. थांबलेला खेळाडू अचानक ०.६ ने उजवीकडे निघाला की २० घरं उजवीकडच्या घड्याळाचा 'आत्ता' एकदम १२ टिक पुढे उडतो. डावीकडे निघाला तर १२ टिक मागे जातो. गणित बरोबर आहे, पण काटा मागे फिरताना पाहून लोक गेम बंद करतात. जिथून बातमी खेळाडूपर्यंत पोचली आहे तेवढाच भाग ठळक काढा, बाकीचा फिकट. फिकट घड्याळ उडालं तर कुणाला खटकत नाही, कारण तो हिशेब आहे, बातमी नाही, हे डोळ्यालाच समजतं. चौकट बदलण्याचं बटण मोफत ठेवू नका, नाहीतर पोरं विचार न करता ते नुसतं बडवत बसतात. प्रत्येक लेव्हलमध्ये दोन-तीनदाच चालावं.

हे सगळं कोडमध्ये उतरवायच्या आधी कागदावर खेळून घ्या. आलेखाच्या कागदावर आडवं स्थान, उभी वेळ, गाड्यांच्या वाटा तिरक्या रेषा, घंटा म्हणजे ठिपके. काळ्या पुठ्ठ्यात लांब अरुंद फट कापा. फट आडवी धरून खालून वर सरकवली की फलाटाचा सिनेमा दिसतो. पाच घरांमागे तीन घरं चढ देऊन तिरकी सरकवली की ०.६ च्या गाडीचा सिनेमा. कुठला ठिपका आधी येतो ते बघा, फटीतली लांबी मात्र मोजू नका, तिरक्या फटीवर मापाची पट्टी बदलते. लेव्हल कागदावर सुटत नसेल तर गोडो किंवा युनिटीसारख्या गेम इंजिनात उतरवूनही सुटणार नाही. हे काम दुसऱ्याकडून करून घेतलंत तर आणखी चांगलं; अकरावीची पोरं यात मोठ्यांपेक्षा सरस ठरतात, त्यांच्या डोक्यात 'आत्ता' अजून इतका घट्ट बसलेला नसतो.

समजावून सांगण्याबद्दल: गेमच्या आत सूत्र नको, आइन्स्टाइनचं चित्र नको, 'तुम्हाला माहीत आहे का' अशा चौकटी तर नकोतच. फक्त प्रत्येक लेव्हल सुटल्यावर तिचा आलेख दाखवा, खेळाडूने नुकत्याच केलेल्या खेळीच्या रेषांसह, आणि फट त्याच्याच हातात द्या, सरकवायला. ज्याला हवं तो तिथे रमेल, बाकीचे पुढची लेव्हल उघडतील. मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा ठेवायच्या म्हणत असाल तर हे आणखी सोयीचं, भाषांतराला फार काही उरतच नाही. साताऱ्याच्या बोगद्याची लेव्हल कागदावर झाली की फोटो पाठवा; दारांची वेळ २० घरांऐवजी ४० घरांच्या बोगद्यासाठी लावून बघा, ट्रॅक्टर अर्थातच ५० घरांचा, आणि ३० टिक येतात का ते तपासा.